मेंढीची जात बदलली तेव्हा: सोव्हिएत काळातलं बुर्यात जगणं

बैकल सरोवराच्या पूर्वेकडच्या माळांवर जानेवारीत पारा उणे ३० अंशांच्याही खाली जातो. बर्फाचा थर मात्र पातळच राहतो. हिवाळाभर सैबेरियावर थंड, कोरड्या हवेचा जास्त दाबाचा प्रदेश ठाण मांडून असतो, त्यामुळे थंडी कडाक्याची आणि हिमवर्षाव कमी. बुर्यात लोकांचं पशुपालन या एका गोष्टीवर उभं होतं. त्यांची देशी मेंढी खुरांनी बर्फ उकरायची आणि खालचं वाळलेलं गवत खायची. तिच्या शेपटीत चरबीचा साठा असायचा, अंगावर राठ आणि मऊ अशी दुहेरी लोकर. वाडा, गंजी यांची तिला फारशी गरज नव्हती. फिरायला जागा तेवढी हवी.

बुर्यात हे मंगोल गटातले लोक. सतराव्या शतकात त्यांचा मुलूख रशियाच्या ताब्यात गेला. पूर्वेकडचे बुर्यात नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, तंबूंत राहत आणि वर्षातून अनेकदा मुक्काम हलवत. पश्चिमेकडच्यांची आठकोनी लाकडी घरं होती, एक हिवाळ्याचं आणि एक उन्हाळ्याचं. हिवाळी मुक्कामाच्या कुंपणात गुरं बसवायची, उन्हाळ्यात त्याच खतावलेल्या जमिनीला पाट काढून पाणी द्यायचं आणि तिथलं गवत कापून साठवायचं, ही पद्धत त्यांनी चांगली बसवली होती. अशा कुरणाला ते उतुग म्हणत. ‘मागासलेले भटके’ हा शिक्का त्यांच्यावर पुढे फार सहज मारला गेला, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. माती, खत आणि पाणी यांचं गणित त्यांना उत्तम येत होतं.

१९२३ साली बुर्यात-मंगोल स्वायत्त प्रजासत्ताक स्थापन झालं. दशक संपताना सामूहिक शेतीची मोहीम आली आणि कळप कोल्खोजच्या, म्हणजे सामूहिक शेतसंस्थेच्या, नावावर चढले. जनावरं सरकारजमा करण्यापेक्षा कापलेली बरी, असं म्हणून अनेकांनी ती कापली. उरलेल्या कळपांसाठी नियोजनकारांनी एक प्रश्न विचारला: या मेंढ्यांपासून राज्याला काय मिळतं? देशी मेंढीच्या राठ लोकरीचा नमदा उत्तम होतो, पण गिरणीला तलम लोकर लागते. म्हणून तलम लोकरीच्या जातींचे नर आणून देशी माद्यांशी संकर सुरू झाला. काही पिढ्यांच्या निवडीनंतर, १९५६ साली, ‘झाबायकाल्स्काया’ या तलम लोकरीच्या जातीला अधिकृत मान्यता मिळाली. पैदासशास्त्राच्या दृष्टीने हे काम खरोखर कौशल्याचं होतं. पण मेंढीचं अंग बदललं की तिच्यामागे माणसाचा दिवसही बदलतो.

संकरित मेंढीला हिवाळ्यात वाडा आणि चारा दोन्ही लागतात. चाऱ्यासाठी शेतं हवीत, म्हणून माळ नांगरले गेले. पन्नाशीच्या दशकातल्या पडीक जमीन लागवडीखाली आणण्याच्या मोहिमेत तर हलक्या, वाळूमिश्रित जमिनीही नांगराखाली आल्या. अशी माती गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. मुळं गेली की वसंतातला कोरडा वारा तिला उचलून नेतो, आणि तेच झालं. शिवाय वाडा जागचा हलत नाही, त्यामुळे त्याच्या आसपासची चराई वर्षानुवर्षं त्याच जमिनीवर होत राहिली. पूर्वी मुक्काम हलला की कुरणाला विसावा मिळायचा. तो विसावा योजनेच्या कोणत्याच रकान्यात नव्हता.

मेंढ्या व्यायच्या हंगामाला तिथे ‘साकमान’ म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये बाहेर अजून गोठवणारी थंडी असते. ओलं कोकरू जमिनीवर पडलं की त्याला लगेच कोरडं करायचं, आईसोबत छोट्या कप्प्यात ठेवायचं आणि दोघांच्या कुशीवर रंगाने एकच आकडा काढायचा, म्हणजे शेकडोंच्या कळपात कोणाचं कोकरू कोणतं ते कळतं. एखादी मेंढी स्वतःचं कोकरू नाकारते. तेव्हा तिच्यापाशी बसून ठरावीक सुरात गाणं गुणगुणत तिला वळवायची रीत मंगोल-बुर्यात पशुपालकांत जुनी आहे. आकडा हिशेबासाठी आणि गाणं आईसाठी. सोव्हिएत काळातल्या बुर्यात जगण्यात हे दोन्ही शेजारी शेजारी नांदले, आणि मला त्या काळाची खरी ओळख तिथेच पटते.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर तलम लोकरीचे भाव पडले, चाऱ्याचा खर्च झेपेना आणि कळप झपाट्याने घटले. देशी मेंढी तोवर जवळजवळ नाहीशी झाली होती. ती टिकली होती सीमेपलीकडे, चीनच्या अंतर्गत मंगोलियातल्या शेनेखेन भागात. क्रांतीनंतरच्या धामधुमीत काही बुर्यात कुटुंबं आपले कळप घेऊन तिकडे गेली होती. १९९०च्या दशकात तिथूनच ‘बुउबेइ’ ही मेंढी बुर्यातियात परत आणली गेली.

एवढ्यावरून सगळं वाईटच झालं असं म्हणणं चुकीचं ठरेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात सिफिलिस या गुप्तरोगाचा मोठा प्रादुर्भाव होता. १९२८ साली सोव्हिएत आणि जर्मन डॉक्टरांचं संयुक्त पथक तपासणीसाठी बुर्यात वस्त्यांत गेलं आणि साल्व्हार्सान हे आर्सेनिकयुक्त औषध तिथे वापरलं गेलं. जर्मन डॉक्टरांना आणखी एक कुतूहल होतं: आधुनिक औषध कधीच न मिळालेल्या रुग्णांत हा रोग मज्जासंस्थेपर्यंत किती पोचतो? रुग्णांना उपचार हवे होते, डॉक्टरांना उत्तरही हवं होतं. माणसांकडे प्रयोगशाळा म्हणून पाहण्याची ही वृत्ती अस्वस्थ करते, तरी दवाखाने, सुईणींचं प्रशिक्षण आणि लसीकरण यांनी पुढे असंख्य जीव वाचवले हेही तितकंच खरं.

त्याच सुमारास जुनं वैद्यक मात्र मोडून काढलं गेलं. दत्सान म्हणजे बौद्ध मठ. तिबेटी पद्धतीचे वैद्य तिथेच घडत. तिशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत एकूण एक दत्सान बंद झाला आणि हजारो लामा तुरुंगांत, छावण्यांत गेले किंवा मारले गेले. सेंट पीटर्सबर्गचं बौद्ध मंदिर उभारणारे आग्वान दोर्जीएव १९३८च्या जानेवारीत कैदेत वारले. मठांतला तिबेटी वैद्यकाचा चित्रसंग्रह मात्र वाचला. ज्या वैद्यांना तो वाचता येत होता, त्यांच्यातले फार थोडे उरले. पुढे बुर्यातियाची राजधानी उलान-उदे इथे वैज्ञानिक संस्थेने तिबेटी वैद्यकाचा अभ्यास हाती घेतला.

लिपीचंही असंच झालं. उभी मंगोल लिपी जाऊन १९३०च्या सुमारास लॅटिन आली आणि १९३९ साली रशियन भाषेची सिरिलिक. दहा वर्षांत दोनदा लिपी बदलली, म्हणजे साक्षर माणूस दोनदा निरक्षर झाला. तरीही शाळा गावोगाव पोचल्या. मेंढपाळ दूरच्या वाड्यावर आणि मुलं गावातल्या वसतिगृहात, अशी विभागणी रूढ झाली. सत्तरच्या दशकापर्यंत बुर्यात हे देशातल्या सर्वाधिक शिकलेल्या समाजांपैकी एक झाले. त्याच दशकात शाळांतलं शिक्षण रशियन माध्यमात गेलं. घरी आजीशी बुर्यात आणि वसतिगृहात रशियन बोलणाऱ्या मुलाची कोणती भाषा मागे पडेल, हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ लागत नाही. २०१०च्या जनगणनेत रशियात बुर्यात सुमारे ४ लाख ६१ हजार होते, आणि बुर्यात भाषा येणारे साधारण २ लाख १८ हजार निघाले.

कोल्खोजच्या आतलं जगणं कागदावरच्यापेक्षा वेगळं होतं. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ कॅरोलिन हम्फ्री यांनी १९६७ आणि १९७४-७५ मध्ये बार्गुझिन आणि सेलेंगा भागांतल्या दोन सामूहिक शेतसंस्थांत काम केलं. मांस, लोकर, दूध यांतलं जे घरी उरे ते लग्नकार्यात, आहेरात आणि नातेवाइकांच्या देवाणघेवाणीत फिरे, असं त्यांना दिसलं. बाजार नव्हता, खाजगी भांडवल जमवता येत नव्हतं, पण मान आणि नातं जमवता येत होतं. राज्याने कुळांची ताकद मोडायला संस्था उभारली आणि लोकांनी त्या संस्थेतच सोयरसंबंध विणले. १९६४च्या कायद्याने कोल्खोजच्या शेतकऱ्यांनाही पेन्शन मिळू लागली. म्हाताऱ्यांच्या हाती नियमित पैसा आला, ही घरातली लहान क्रांतीच होती.

सणांचंही तेच. सुरखारबान म्हणजे तिरंदाजी, कुस्ती आणि घोडदौडीचा उन्हाळी मेळा. १९२०च्या दशकात त्याचा धार्मिक भाग वगळून तो अधिकृत क्रीडामहोत्सव केला गेला, त्यामुळे टिकला. चांद्र नववर्षाचा सागाल्गान एवढा सुदैवी नव्हता. तो बहुतेक दारं लावून घरातच साजरा व्हायचा, पांढऱ्या दुधाच्या पदार्थांसह. १९९० साली तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला. त्याच्या बाजूने लेख लिहिणारे, सभा घेणारे, ठराव मांडणारे शिक्षक आणि संशोधक सोव्हिएत शाळा-विद्यापीठांतच शिकलेले होते.