वेलिकी उस्त्युग : सहलीला निघण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

वेलिकी उस्त्युगचं नाव काढलं की रशियन माणसाला पहिल्यांदा आठवतो तो देद मरोझ, म्हणजे नव्या वर्षाला मुलांसाठी भेटी घेऊन येणारे थंडीचे आजोबा. 1998 पासून या गावाची ओळख त्यांचं गाव अशी झाली. त्यांचा लाकडी वाडा शहराबाहेर साधारण 12 किलोमीटरवर पाइनच्या जंगलात आहे आणि 18 नोव्हेंबरला तिथे त्यांचा वाढदिवस होतो. लहान मुलं बरोबर असतील तर तिथे जरूर जावं. पण त्यासाठी अर्धा दिवस पुरतो. आमच्या कार्यक्रमात दोन पूर्ण दिवस शहरासाठी ठेवले आहेत, कारण उत्तर रशियाचा चार-पाचशे वर्षांचा व्यापार, श्रद्धा आणि कारागिरी इथे एका नदीकाठावर चालत बघता येते. काय बघायचं, ते तिथेच का आहे आणि काय विकत घ्यावं, हे या पत्रकात सांगितलं आहे.

आधी नद्या समजून घ्या

सुखोना आणि यूग या दोन नद्या इथे मिळतात आणि त्यांच्या संगमातून उत्तर द्विना सुरू होते. कोत्लास शहरापाशी व्हिचेग्दा नदी येऊन मिळेपर्यंत लोक तिला ‘लहान उत्तर द्विना’ म्हणतात. तिथून पुढे ती अर्खांगेल्स्कजवळ श्वेत समुद्राला मिळते. संगमापासून समुद्रापर्यंतचं अंतर 744 किलोमीटर. ‘उस्त्युग’ म्हणजे यूग नदीचं मुख. रशियन भाषेत ‘यूग’ म्हणजे दक्षिण दिशाही होते, पण नदीचं नाव त्याहून जुन्या, फिनो-उग्रिक भाषेतून आलेलं आहे.

पहिली वस्ती समोरच्या ग्लेदेन टेकडीवर होती. पंधराव्या शतकातल्या लढायांत ती उद्ध्वस्त झाली आणि खाली सुखोनाच्या डाव्या काठावरचं गाव वाढत गेलं. 1584 मध्ये अर्खांगेल्स्क बंदर उभं राहिलं तेव्हा उस्त्युगचं नशीब उघडलं. मॉस्कोचा माल व्होलोग्दापर्यंत जमिनीवरून यायचा, तिथून सुखोनाने उस्त्युगला आणि पुढे द्विनेने समुद्राला जायचा. परतीच्या बोटींत इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांचा माल असायचा. पूर्वेकडून व्हिचेग्दाच्या वाटेने सायबेरियाची फर उतरायची. हे दोन्ही रस्ते जिथे एकमेकांना छेदत होते तिथेच हे गाव होतं. ‘वेलिकी’, म्हणजे थोर, हे विशेषण त्याला याच वैभवाच्या काळात चिकटलं.

रशियन प्रवासी म्हटला की आपल्याकडे चौलला उतरलेला अफनासी निकितीन आठवतो. तो व्होल्गाकाठच्या त्वेरचा. उस्त्युगची माणसं निघाली ती पूर्वेला. 1648 मध्ये आशिया आणि अमेरिका यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून बोट नेणारा सेम्योन देझ्न्योव इथलाच मानला जातो आणि त्याचा पुतळा शहराच्या मध्यभागी आहे. आमूर नदीचा प्रदेश पालथा घालणारा येरोफेय खबारोव जवळच्याच खेड्यातला. कामचात्कात शिरलेल्या व्लादिमीर आत्लासोवच्या घराण्याची मुळंही इथलीच. पुढे अलास्काचा कारभार बघणाऱ्या रशियन-अमेरिकन कंपनीचा प्रमुख संचालक झाला तो मिखाइल बुल्दाकोव, उस्त्युगचाच व्यापारी.

मग 1703 मध्ये सेंट पीटर्सबर्ग वसलं आणि पहिल्या पीटरने परदेशी व्यापार तिकडे वळवला. अर्खांगेल्स्कची वाट ओस पडू लागली. 1899 मध्ये रेल्वे आली ती कोत्लासला, इथे नाही. त्यामुळे शहर गरीब राहिलं, पण काठावरची जुनी रांग पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. आज जे दिसतं ते याच कारणाने शिल्लक आहे.

काठावर काय बघायचं

सकाळी सुखोनाच्या काठाने चाला. सोबोर्नोये द्वोरिश्चे हा मुख्य देवालयांचा समूह पाण्यालगत उभा आहे. शहराचा चेहरा मुद्दाम नदीकडे ठेवला होता, कारण येणारा माणूस बोटीतून यायचा. त्यामुळे मागच्या रस्त्याने गाडीतून बघितलं तर या रांगेचं काहीच कळत नाही.

‘दगडी चर्च’ असं गाईड म्हणतील, पण बहुतेक भिंती विटांच्या आहेत, वरून चुन्याने पांढऱ्या केलेल्या. त्याआधीची देवळं लाकडाची असत आणि आगीत जात. शहरातली सगळ्यात जुनी टिकलेली विटांची वास्तू म्हणजे 1648 चं स्वर्गारोहणाचं चर्च, व्होझ्नेसेन्स्काया. निकिफोर रेव्याकिन या व्यापाऱ्याने ते बांधवलं. त्याला एक बाजू दुसरीसारखी नाही. जिना एकीकडे, छोटी उपचर्चं दुसरीकडे, खिडक्यांच्या चौकटी वेगवेगळ्या. पंधरा मिनिटं त्याच्याभोवती हळूहळू फिरा, प्रत्येक कोपऱ्यावर वेगळंच चर्च दिसेल.

एकाच आवारात दोन चर्चं शेजारी-शेजारी का, असा प्रश्न इथे हमखास पडतो. मोठं आणि उंच ते उन्हाळ्याचं, त्यात शेगडी नसते. लहान आणि बुटकं ते हिवाळ्याचं, त्यात भट्टी असते. हिवाळ्यात उंच घुमट तापवणं शक्य नव्हतं. पलीकडच्या काठावर दिम्कोवो वस्तीत अशी जोडी अगदी पाण्याजवळ आहे : थेस्सालोनिकीच्या दिमित्रीचं आणि रादोनेझच्या सेर्गेयचं, दोन्ही अठराव्या शतकातली. संध्याकाळी ऊन त्यांच्यावर पडतं तेव्हा अलीकडच्या काठावरून बघा.

प्रकोपी हा या गावाचा संत. परंपरा सांगते की तो पश्चिमेकडून आलेला श्रीमंत व्यापारी होता. त्याने सगळं वाटून टाकलं आणि तो ‘युरोदिवी’, म्हणजे ईश्वरासाठी वेडा झालेला साधू, म्हणून इथे राहिला. हातात तीन काठ्या घेऊन फिरायचा. त्या सरळ धरल्या तर त्या वर्षी पीक चांगलं, वाकड्या धरल्या तर वाईट, असं लोक वाचायचे. नदीकाठच्या दगडावर बसून जाणाऱ्या बोटींसाठी तो प्रार्थना करायचा. 1303 मध्ये तो गेला. त्याच्या प्रार्थनेने दगडांचा पाऊस शहरावरून टळून जंगलात पडला, ही 1290 ची कथा इथे अजून श्रद्धेने सांगतात. त्याचं देवालय 1668 चं आहे आणि तिथे पूजा चालू असते. बायकांनी डोकं झाकावं, पुरुषांनी टोपी काढावी, आणि प्रार्थना सुरू असताना फोटो काढू नयेत.

वेळ कमी असला तर बाकीचं सोडा, पण शहरापासून साधारण 4 किलोमीटरवरचा त्रोइत्स्की-ग्लेदेन्स्की मठ सोडू नका. ग्रुद्त्सिन व्यापारी घराण्याच्या पैशातून त्याचं मुख्य चर्च 1659 मध्ये सुरू झालं आणि मध्ये काम रखडून 1701 मध्ये पुरं झालं. आत गाभाऱ्यापुढची सोनेरी लाकडी भिंत आहे, तिला इकोनोस्तास म्हणतात. 1776 ते 1784 या काळातलं हे काम आहे. कोरीव काम तोत्मा गावच्या कारागिरांचं, चित्रं उस्त्युगच्या चित्रकारांची. खांबांवरचे वेल, देवदूत, फुलांचे हार सगळं लाकडात आहे आणि वरून सोन्याचा वर्ख. ही इमारत न तापवलेली आहे. हिवाळ्यात आतली थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त बोचते, कारण तुम्ही चालत नसता, एका जागी उभे असता. जाड तळव्याचे बूट घाला आणि अर्धा तास धरून चला.

चांदीवरचं काळं काम

उस्त्युगची खरी खूण म्हणजे ‘चेर्न’. आपल्या बिदरीशी त्याची तुलना सुचते, पण दोन्ही उलट आहेत. बिदरीत काळ्या धातूत पांढरी चांदी बसवतात, इथे पांढऱ्या चांदीत काळं मिश्रण भरतात.

चांदीच्या पत्र्यावर आधी चित्र कोरून घेतात. चांदी, तांबं आणि शिसं एकत्र वितळवून त्यात गंधक घालतात. गार झालेलं काळं मिश्रण ठिसूळ असतं, ते कुटून पूड करतात आणि ओलं करून कोरलेल्या रेषांवर पसरतात. मग वस्तू भट्टीत जाते. शुद्ध चांदी 961 अंशांना वितळते, हे मिश्रण त्याच्या बरंच आधी वितळून रेषांत उतरतं. बाहेर काढल्यावर सगळी वस्तू काळीकुट्ट दिसते. कानशीने वरचा थर हळूहळू उतरवत गेलं की खालून चित्र वर येतं. भट्टी कमी पडली तर मिश्रणात छिद्रं राहतात आणि पुढे ते निखळतं. जास्त तापली तर ते चांदीलाच खातं, खड्डे पडतात आणि रेषांच्या कडा फाटतात. म्हणून विकत घेताना भिंगातून रेषांच्या कडा बघा. त्या सुरीने कापल्यासारख्या हव्यात.

ही कला विसाव्या शतकात जवळपास संपली होती. मिखाइल चिर्कोव या वृद्ध कारागिराकडे मिश्रणाची कृती उरली होती. त्याच्याकडून शिकून 1933 मध्ये कारागिरांची मंडळी उभी राहिली, येव्स्ताफी शिल्निकोव्स्की तिचे कलाकार झाले आणि 1937 च्या पॅरिस प्रदर्शनात तिच्या कामाला पदक मिळालं. आजचा ‘सेवेर्नाया चेर्न’ कारखाना त्यातूनच आला.

नकली ओळखायची असेल तर नखाने तपासा. खरी चेर्न चांदीच्या पातळीला असते, बोटाला खाच लागत नाही, आणि तिचा रंग किंचित करडा, मखमली दिसतो. नुसत्या रसायनाने काळी केलेली चांदी खाचेच्या तळाशीच काळी असते आणि पुसली की फिकी पडते. शिक्का बघा : 1994 नंतरच्या वस्तूवर उजवीकडे बघणारी, रशियन शिरोभूषण घातलेली स्त्री आणि शेजारी 925 किंवा 916 असा आकडा असतो. 1958 नंतरच्या सोव्हिएत वस्तूवर ताऱ्यात विळा-हातोडा दिसेल. ‘84’ लिहिलं असेल तर ते क्रांतीपूर्वीचं माप, 96 पैकी 84, म्हणजे आजचं 875. अशी जुनी चांदी किंवा जुनं मूर्तिचित्र परवान्याशिवाय रशियाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर ते जप्त होऊ शकतं, तेव्हा त्या फंदात पडू नका.

घरी आल्यावरची काळजी जास्त महत्त्वाची. देवाची चांदी आपण चिंच, रांगोळी किंवा पावडरीने घासतो. चेर्नवर यातलं काहीही वापरू नका, रेषा झिजतात. चांदी बुडवून चकाकवायची बाटलीतली द्रावणंही नकोत आणि अ‍ॅल्युमिनियमचा कागद व सोड्याचा घरगुती उपायही नको. ही दोन्ही चांदीवरचं गंधकाचं काळेपण काढतात आणि चेर्न म्हणजे मुळात गंधकाचंच संयुग आहे. कोमट पाणी, दोन थेंब साबण, मऊ सुती फडकं, लगेच कोरडं पुसणं, एवढंच करा. अंगठी तुटली तर सराफाला झाळकाम करण्याआधी सांगा, कारण ज्योत लागली की काळं मिश्रण वितळून ओघळतं. पावसाळ्यात झिपच्या पिशवीत ठेवा, रबरबँड किंवा लोकरीत गुंडाळू नका. दोन्हींत गंधक असतं.

बर्चची साल आणि पत्र्यावरची हिमनक्षी

शेमोग्सा नदीकाठच्या खेड्यांतली बर्चच्या सालीची कोरीव पेटी वजनाला हलकी आणि खिशाला परवडणारी. साल उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढतात, कारण तेव्हा झाडात रस असतो आणि बाहेरचा थर अलगद सुटतो. आतली साल कापली तर झाड मरतं. नक्षी आरपार कोरलेली असते, वेल गोल-गोल फिरतात आणि खाली रंगीत कागद किंवा चमकी असते. 1900 च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात इव्हान वेप्रेवच्या अशा कामाला पदक मिळालं होतं. कोरीव दुवे तुटलेले नाहीत ना, हे उजेडासमोर धरून बघा.

जुन्या लोखंडी पेट्यांवर ‘मरोझ पो झेस्ती’ दिसेल, पत्र्यावर गोठलेल्या काचेसारखी नक्षी. कल्हईच्या पत्र्याला उष्णता आणि सौम्य आम्ल देऊन कथिलाचे स्फटिक उघडे करतात, मग वर रंगीत लाख. एकही पेटी दुसरीसारखी नसते.

कधी, कसं, काय बरोबर घ्यायचं

एप्रिलमध्ये आम्ही गट नेत नाही. इथल्या नद्या उत्तरेकडे वाहतात, त्यामुळे दक्षिणेकडचा वरचा भाग आधी वितळतो आणि खालचं बर्फ अजून घट्ट असतं. फुटलेल्या लाद्या संगमाजवळ अडकतात, बांध तयार होतो आणि पाणी शहरात शिरतं. 1998 आणि 2016 मध्ये मोठे पूर याच कारणाने आले. जून उत्तम : शहर जवळपास 61 अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात रात्रभर संधिप्रकाश असतो. डास खूप असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. जानेवारीत उणे 30 पर्यंतही पारा उतरतो. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, बाहेर बॅटरी झपाट्याने उतरते. कॅमेरा गरम खोलीत आणण्याआधी बाहेरच पिशवीत बंद करा, नाहीतर भिंगावर पाणी साठतं.

मॉस्कोहून कोत्लासच्या बाजूला रेल्वेने जावं लागतं. यादरिखा स्टेशनवर उतरून पुढे रस्त्याने साधारण 60 किलोमीटर. रशियाबाहेर दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, म्हणून डॉलर किंवा युरो रोख घ्या आणि मॉस्कोतच रूबल करून ठेवा.

शाकाहारींनी ‘पोस्तनोये’ हा शब्द पाठ करावा. उपवासाच्या दिवसांचं हे जेवण, त्यात मांस, अंडी, दूध नसतं. पण मासा कधीकधी असतो आणि सूपचं पाणी मांसाचं असू शकतं, तेव्हा प्रत्येक वेळी ‘बेझ रिबी, बेझ म्यासा’ (मासा नको, मांस नको) असं सांगा. बकव्हीटचा भात, बटाटे, खारवलेले मशरूम आणि कोबी सगळीकडे मिळतात. तिखटाची सवय असलेल्यांनी चटणीची डबी घरूनच न्यावी, झाकण चिकटपट्टीने बंद करून, चेक-इन सामानात.