दूर अवरक्त खगोलनिरीक्षण

खगोलीय वस्तूंकडून येणाऱ्या साधारण ३० ते ३०० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या प्रारणाचे मापन. तारे जिथे घडतात तिथली धूळ दृश्य प्रकाश गिळते आणि ती ऊर्जा याच पट्ट्यात बाहेर टाकते. ३० केल्विन तापमानाच्या ढगाचे प्रारण ९७ मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. अडचण अशी, की हवा, आरसा आणि उपकरणाची भिंत हीदेखील याच पट्ट्यात तळपतात. त्यामुळे येथील बहुतेक तंत्र हे वजाबाकीचे तंत्र आहे.

सीमा व उगम : पट्ट्याच्या सीमांबाबत एकमत नाही. आर्सेनिकयुक्त सिलिकॉनचे संवेदक २८ मायक्रोमीटरला थांबतात, म्हणून उपकरणे बांधणारे तिथून मोजतात. इतर काही जण ४० पासून. वरची सीमा २००, ३०० किंवा ३५० अशी वेगवेगळी दिली जाते आणि तिच्यापुढच्या भागाला उपमिलिमीटर म्हणतात. संवेदक जिथे बदलावा लागतो तिथे रेघ ओढणे अधिक सोयीचे, म्हणून या नोंदीत ३० ते ३०० ही मर्यादा धरली आहे.

उगमाचे श्रेय सहसा विल्यम हर्शेल यांना दिले जाते. १८०० मध्ये त्यांनी लोलकाने पसरलेल्या वर्णपटात लाल रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवून पारा चढताना पाहिला. मात्र काच सुमारे अडीच मायक्रोमीटरपुढचे प्रारण जवळपास अडवतेच, त्यामुळे त्यांनी मोजले ते निकट अवरक्त. दूर अवरक्ताचा उगम हायनरिख रुबेन्स यांच्या ‘अवशिष्ट किरण’ पद्धतीत मानणे अधिक सयुक्तिक दिसते. स्फटिकांवरून प्रारण पुन्हा पुन्हा परावर्तित केले, की शेवटी एक अरुंद पट्टाच शिल्लक राहतो. सैंधवाने असा ५१ मायक्रोमीटरचा पट्टा मिळतो. रुबेन्स व फेर्डिनांड कुर्लबाउम यांच्या १९०० मधील मापनांत तप्त वस्तूच्या प्रारणाचा वीनचा नियम तोकडा पडला आणि त्याच शरदात माक्स प्लांक यांनी आपले सूत्र मांडले. आकाशाकडे वळण्यास बराच उशीर झाला. फ्रँक लो यांचा गॅलियमयुक्त जर्मेनियमचा बोलोमीटर, म्हणजे प्रारणाने तापून त्याची ऊर्जा मोजणारा संवेदक, १९६१ चा.

वातावरण : अडथळा मुख्यतः पाण्याच्या वाफेचा. थंडीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. उत्तरेच्या थंड वाऱ्यांबरोबरच, कोरड्या निरभ्र रात्री जमिनीची उष्णता ८ ते १३ मायक्रोमीटरच्या खिडकीतून थेट अवकाशात निसटते, हेही त्याचे कारण. पण त्याच रात्री १०० मायक्रोमीटरला आकाश पूर्ण बंद असते. नाशिकच्या डोक्यावरची सगळी वाफ पाणी करून पसरली, तर थंडीतही तिचा थर सेंटिमीटरच्या आसपास भरतो. पावसाळ्यात तो कित्येक पट होतो. २०० मायक्रोमीटरच्या आसपासची अर्धवट खिडकी उघडण्यासाठीसुद्धा हा थर अर्ध्या मिलिमीटरच्या घरात हवा. साल्हेर किल्ल्याच्या माथ्यावर (१,५६७ मी.) गेल्याने वाफ नाशिक शहरापेक्षा फार तर चाळीस टक्के घटते. नाशिक–पुणे रस्त्यावर नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण भर पावसातही काम करू शकते, कारण मीटरभर लांबीच्या लहरींना वाफ आडवी येत नाही. दूर अवरक्तासाठी विमान, फुगा किंवा उपग्रहच लागतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंमी. आरशाची दुर्बीण हैदराबादहून पॉलिथिनच्या फुग्याने सुमारे ३० किमी. उंचीवर नेली. तिचे बोलोमीटर ०.३ केल्विनला ठेवलेले असत. जपानी सहकार्याने तिच्यावर फॅब्री-पेरो वर्णपटमापक (समांतर आरशांच्या जोडीने अरुंद पट्टा निवडणारा) बसवून आयनित कार्बनची १५८ मायक्रोमीटरची रेषाही मोजली गेली. एक मीटर आरशाला २०० मायक्रोमीटरवर सुमारे ५० विकलांपेक्षा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) बारीक तपशील दिसत नाही.

शीतकरण : उपकरणाचे स्वतःचे तळपणे कमी व्हावे म्हणून ते थंड करतात. त्याचे निर्वात पात्र, म्हणजे ड्यूअर, आधी द्रवनत्राने ७७ केल्विनपर्यंत उतरवतात. गोठीत रेतमात्रांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत असतो तो द्रवनत्राचा कॅन तत्त्वतः याच जातीचा. मग नत्र पूर्ण काढून द्रव हीलियम भरतात. तळाला नत्र उरले तर ते गोठून घट्ट होते आणि ते थंड करण्यातच महागडे हीलियम उडून जाते. मानेतून हवा शिरली तर तीही गोठून बूच बसते आणि आत दाब वाढत जातो. पात्र फुटण्याचा हा खरा धोका आहे.

०.३ केल्विन गाठण्यासाठी हीलियम-३, म्हणजे हीलियमचा हलका समस्थानिक, वापरतात. मुख्य हीलियमवरची वाफ पंपाने ओढून ते दोन केल्विनच्या खाली नेतात. बंद नळीतला कोळसा सुमारे ४० केल्विनपर्यंत तापवला, की त्याने धरून ठेवलेला हीलियम-३ सुटतो, थंड भागाला लागून द्रव होतो आणि थेंबाथेंबाने खालच्या पेल्यात जमतो. मग कोळसा थंड केला, की तोच वाफ शोषून पंपाचे काम करतो आणि पेल्याचे तापमान घसरते. पेला रिता झाला, की हे चक्र पुन्हा करावे लागते.

चॉपिंग व नॉडिंग : पार्श्वभूमी स्रोताच्या लाखोपट असू शकते. म्हणून दुय्यम आरसा सेकंदाला दहाएक वेळा डोलवतात : एकदा स्रोत व आकाश, एकदा शेजारचे नुसते आकाश. फरक घेतला, की आकाश गळते. हे चॉपिंग. पण दोन्ही स्थितींत प्रारण मुख्य आरशाच्या थोड्या वेगळ्या भागावरून येते आणि त्या भागांचे तापमान तंतोतंत सारखे नसते. त्यामुळे खोटा फरक उरतो. तो घालवण्यासाठी संपूर्ण दुर्बीण हलवून स्रोत दुसऱ्या स्थितीत आणतात व पुन्हा वजाबाकी करतात. याला नॉडिंग म्हणतात. डोलण्याची कक्षा ढगापेक्षा लहान असेल तर ढगातूनच ढग वजा होतो आणि नकाशावर कडेने ऋण खळगे दिसतात. असे खळगे दिसले, की एकूण तेजस्वितेच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

हर्शेल अवकाश वेधशाळेने (२००९–१३, आरसा ३.५ मी.) नकाशांसाठी चॉपिंग बहुतांशी सोडले. दुर्बीण आकाशावरून सरळ रेषेत फिरवून, मग आडव्या रेषेत तोच भाग पुन्हा घेतला जाई. संवेदकाच्या हळू सरकणाऱ्या गोंगाटाचे पट्टे दोन दिशांच्या तुलनेने ओळखता येतात. वैश्विक किरण आदळून उठणारे टोकदार ठोके मात्र एकेक शोधून काढावे लागतात.

अंशशोधन : संवेदकाचे वाचन खऱ्या तेजस्वितेत बदलण्यासाठी प्रमाण म्हणून मुख्यतः मंगळ, युरेनस, नेपच्यून आणि मोठे लघुग्रह वापरतात. मंगळाची तेजस्विता ऋतूनुसार व धुळीच्या वादळांत बदलते, म्हणून युरेनस व नेपच्यूनला पसंती असते.