८० जीबीच्या डिस्कमधले ‘गायब’ साडेपाच जीबी

विंडोज एक्सपीच्या जुन्या संगणकात ८० जीबीची हार्ड डिस्क जेमतेम ७४.५ जीबी दिसते. पण उरलेली जागा विंडोज खाते किंवा विक्रेता फसवतो, हा वर्षानुवर्षांचा समज चुकीचा आहे. उत्पादक १ अब्ज बाइटांना १ जीबी म्हणतात, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटांना. त्यामुळे तेच ८० अब्ज बाइट लहान आकड्यात दिसतात. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये जीबीशेजारी पूर्ण बाइटही दिलेले असतात, आणि ताळा त्यांवरूनच करावा. मात्र तिथे एकाच पार्टिशनचे, म्हणजे डिस्कच्या एका भागाचे, माप कळते. म्हणून कोणावर ठपका ठेवण्यापूर्वी माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून, मॅनेजमधून डिस्क मॅनेजमेंट अवश्य उघडावे, कारण ड्राइव्हचे अक्षर नसलेले रिकव्हरी पार्टिशन (विंडोज पूर्ववत करण्यासाठी राखून ठेवलेला भाग) किंवा वाटप न झालेली जागा तिथेच दिसते.