कॅक्टसला पाणी लागतच नाही?

"कॅक्टस वाळवंटातला, त्याला पाणी लागत नाही," असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. दोन्ही चूक. ब्राझीलच्या दमट जंगलांत श्लुम्बर्गेरा प्रजातीचे कॅक्टस झाडांच्या फांद्यांवर वाढतात. कडक ऊन त्यांना सोसत नाही. कॅनडातला एक बुटका फड्या निवडुंग तर बर्फाखाली हिवाळा काढतो. थंडीआधी तो अंगातलं पाणी कमी करतो, सुरकुततो, जमिनीलगत आडवा होतो. वसंतात पुन्हा टरारून उभा! मला तर हाच सगळ्यांत चिवट वाटतो.

वाळवंटातल्या सग्वारो या कॅक्टसलाही पाऊस हवाच. पाऊस झाला की त्याच्या खोडावरच्या उभ्या चुण्या भात्यासारख्या फुलतात. खोडावरची सूक्ष्म छिद्रं दिवसाच्या उन्हात नाही, रात्रीच्या गारव्यात उघडतात, म्हणून साठवलेलं पाणी टिकतं.

कुंडीतल्या वाळवंटी कॅक्टसची माती पूर्ण सुकली की भरपूर पाणी घाला, फक्त ते साचू देऊ नका.