आठवणींचं संशोधन म्हणजे मन मोकळं करणं नव्हे

‘चार बायका जमल्या, जुन्या आठवणी काढल्या, डोळे पुसले, की झालं संशोधन!’ सामूहिक स्मृतिकार्याला, म्हणजे गटाने आपल्याच आठवणी लिहून त्यांचा मिळून अभ्यास करण्याच्या संशोधनपद्धतीला, हा टोमणा वर्षानुवर्षं मारला जातो. तो चुकीचा आहे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ फ्रिगा हाउग आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १९८०च्या आसपास ही पद्धत घडवली. मुलीचं शरीर ‘बाईचं’ कसं होत जातं, हे शोधणारं त्यांचं पुस्तक १९८३ साली आलं. केस, पाय अशा साध्या विषयांवर त्यांनी आठवणी लिहिल्या. नुसत्या सांगितल्या नाहीत, आणि गप्पांशी फारकत होते ती इथेच.

आठवण एकाच प्रसंगाची, बारीकसारीक तपशिलांसह, आणि ‘मी’ऐवजी ‘ती’ असं लिहायची. समजा कुणी लिहिलं, ‘तिचे केस कापले गेले, तिला वाईट वाटलं.’ गट विचारतो: कात्री कुणाच्या हातात होती? वाक्यात तो माणूसच का नाही? ‘वाईट’ म्हणजे राग की लाज? मग ती पुन्हा लिहिते, आणि आई, शेजारीण, शाळेचा नियम असं कोण कोण मजकुरात येऊन उभं राहतं.

आठवणी चुकीच्या असू शकतात, हा दुसरा आक्षेप. असू शकतातच! पण इथे शोध घटनेला आपण लावलेल्या अर्थाचा असतो. गाळलेलं, विसरलेलं हाही पुरावाच.

डोळे भरून येतात कधी, नाही असं नाही. तरी चिकित्सा मजकुराची करायची, मनाची नाही. आणि जिची आठवण, तीही चिरफाड करणाऱ्यांतच बसलेली असते. संशोधक वेगळा, ‘नमुना’ वेगळा, ही सोय इथे नाही.