आधी ग्राउंड की आधी पेपर? मराठवाड्यातल्या आर्मी भरतीमागची गोष्ट

निजामाच्या काळात हिंगोली, जालना, औरंगाबाद ही हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या छावण्यांची गावं. तीच फौज बदलत बदलत १९४५ ला कुमाऊँ रेजिमेंट झाली, आणि आपल्या इथल्या पोरांचा तिच्याशी काही संबंध उरला नाही.

आताचं भरतीचं वेड मी बघितलं ते २०१५-१६ च्या दुष्काळापासून, लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. कोरडवाहू रान, बारावी झालेलं पोरगं घरी बसून करणार काय, म्हणून पहाटे चारला डांबरी रोडवर पळायला लागलं. लिंबाच्या दोन झाडांमधी लोखंडी पाइप बांधून पुल-अप्सचा बीम, बांधाला उडी मारायला नऊ फुटाचा खड्डा, खिशात भिजवलेले हरभरे. पाइप थंडीत इतका गार पडायचा की हाताला माती चोळल्याशिवाय धरवत नव्हता.

तेव्हा आधी ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, असायचं. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटात मारलं की ६० मार्क, दहा बीमचे ४०, मग मेडिकल, आणि लेखी सगळ्यात शेवटी. पोरं आदल्या रात्री टेम्पोत बसून जायची, फायलीत रहिवासी आणि सरपंचाचा चारित्र्याचा दाखला, आणि उजाडायच्या आधी रांगेत. उंची १६८ ला अर्धा सेंटीमीटर कमी भरली की तिथूनच परत.

मग कोरोना. दोन वर्षं भरतीच नाही, आणि ज्यांचं ग्राउंड-मेडिकल सगळं पास झालं होतं त्यांची लेखी पुढं ढकलत ढकलत शेवटी रद्दच केली. जून २०२२ ला अग्निपथ ही नवी भरती योजना आली, चार वर्षांची नोकरी आणि चौघातला एक कायम. त्या वर्षापुरतं जास्तीत जास्त वय २३ केलं, पण ज्याचं त्यातूनही निघून गेलं त्याला कुणी काय सांगायचं?

त्यावर सगळे बोलले. पण २०२३ ला जे झालं त्यावर फार कुणी बोललं नाही, आणि माझ्या मते आपल्याकडं खरा फटका तिथंच बसला. ऑनलाइन पेपर आधी आला, त्यात नाव लागलं तरच ग्राउंड. बाजू मांडायची तर गर्दी कमी झाली, रॅलीत चेंगराचेंगरीची भीती गेली, हे खरंच आहे. पण जे पोरगं पाच मिनिटं दहा सेकंदात सोळाशे मारतं, त्याला आता मैदान बघायलाच मिळत नाही, कारण माउस त्यानं पहिल्यांदा सेंटरवर हातात धरला, आणि पेपर हिंदी नाहीतर इंग्रजी. पेपर मराठीत आला तो २०२५ ला, म्हणजे दोन बॅच गेल्यावर.

त्यात पोलीस भरतीचं बरोबर उलटं. तिथं मधी लेखी आधी केली होती, २०२२ ला परत ग्राउंड आधी आणलं. आपली पोरं दोन्ही फॉर्म भरतात, मग सकाळी पळायचं का पुस्तक धरायचं हे फॉर्म कुठला आधी निघतो त्यावर ठरतं. शिवाय आर्मीसाठी नांदेड, परभणी, हिंगोली, जालना हे जिल्हे संभाजीनगरच्या भरती कार्यालयाकडं, आणि बीड, लातूर, धाराशिव पुण्याकडं, त्यामुळं शेजारच्या तालुक्यातल्या मित्राची तारीख आपली नसते.

आर्मीच्या जीडीला, म्हणजे जनरल ड्यूटीच्या पेपरला, तासात पन्नास प्रश्न, बरोबरला दोन मार्क, चुकलं तर अर्धा मार्क कापतात. आमच्याकडची पोरं अजून येत नसलेला प्रश्न सोडून द्यायला शिकतायत, ग्राउंडवर तर त्यांनी कधी काही अर्धं सोडलंच नव्हतं.