सोळा तास उपाशी राहण्याआधी
आमच्या आहार सल्ला केंद्रात येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

"१६:८ सुरू करू का?" हा प्रश्न हल्ली पहिल्याच भेटीत येतो. बहुतेकांचे तास आधीच ठरलेले असतात. आम्ही मात्र आधी औषधांची चिठ्ठी मागतो. ती का, हे सांगण्यासाठी हे पत्रक.

दिवसाच्या ८ तासांत खायचं आणि उरलेले १६ तास पोटाला सुट्टी, हे १६:८. आठवड्यात ५ दिवस नेहमीसारखं आणि २ दिवस जेमतेम ५०० ते ६०० कॅलरी, हे ५:२. दिवसाआड उपासाचीही पद्धत आहे, पण ती फार थोड्यांना झेपते.

उपाशीपोटी शरीर आधी यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, वापरतं. हा साठा साधारण १०० ग्रॅमचा. तो आटत आला की चरबी जास्त खर्ची पडते आणि यकृत तिच्यापासून कीटोन हे पर्यायी इंधन तयार करतं. हे कधी होईल, ते तुम्ही आधी काय जेवलात आणि किती चाललात यावर अवलंबून असतं. त्यामुळे सोळाव्या तासाला काही जादूचं बटण दाबलं जात नाही. ऑटोफॅजीचंही, म्हणजे पेशींनी स्वतःतला टाकाऊ भाग मोडून काढण्याचंही, तसंच. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं ते यीस्टच्या पेशींवरच्या कामासाठी. माणसात इतक्या तासांनी पेशींची सफाई सुरू होते, असा आकडा कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नका.

वजन उतरतं का? उतरतं. चीनमध्ये १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या होत्या, एका गटाला वर ८ तासांचं बंधन होतं. त्या गटाचं वजन सरासरी ८ किलो घटलं, दुसऱ्याचं ६.३ किलो. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. आमचं मतही हेच आहे: गुण कमी खाण्याचा असतो, तासांचं बंधन ते सोपं करतं. रात्री उशिरापर्यंत तोंड चालू असणाऱ्यांना आणि कॅलरी मोजायचा कंटाळा असणाऱ्यांना ही पद्धत खरोखर मानवते. जेवण दिवसा लवकर उरकल्याने इन्सुलिनचा परिणाम आणि रक्तदाब सुधारल्याचंही एका छोट्या अभ्यासात दिसलं. त्यात ८ च पुरुष होते, म्हणून आम्ही त्याचा गवगवा करत नाही. पण रात्रीचं जेवण अलीकडे ओढा, हे सर्वांना सांगतो.

आता चिठ्ठीचं. आमच्याकडे येणाऱ्या एक काकू मधुमेहासाठी सकाळी ग्लिमेपिराइड घेत. कोणाला न विचारता त्यांनी पहिलं जेवण बारा वाजता करायला सुरुवात केली, गोळी मात्र सातचीच राहिली. एके दिवशी अकराच्या सुमारास आमच्यासमोर बसल्या असताना त्यांच्या हातातलं पेन थरथरायला लागलं, कपाळावर घाम आला. मीटरवर साखर ६२. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. त्या दिवसापासून चिठ्ठी पाहिल्याशिवाय आम्ही कोणालाही तास सांगत नाही.

इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड चालू असेल तर डोस बदलल्याशिवाय उपास नको आणि तो बदल तुमच्या डॉक्टरांनीच करायचा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस (रक्तात कीटोन साचून आम्लता वाढणं) होऊ शकतो: मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप. अशा वेळी थेट रुग्णालय गाठा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर चक्कर येऊ शकते, पाणी तोडू नका.

गरोदर आणि स्तनदा माता, अठरा वर्षांखालील मुलं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) १८.५ च्या खाली असणारे आणि खाण्याशी कधी आजारासारखं झगडलेले, यांना आम्ही उपास देत नाही. आग्रह केलात तरी नाही.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखणं, चिडचिड, बद्धकोष्ठता होते. बहुतेकांची ही कुरकुर आपोआप ओसरते. म्हणून १२ तासांपासून सुरुवात करा आणि आठवड्याला एखादाच तास वाढवा. वजनासोबत स्नायूही जातात, तेव्हा प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवा.

पहिल्या भेटीला येताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, त्या घेण्याच्या वेळा आणि असतील तर साखरेच्या नोंदी घेऊन या.